विनगेट मार्ग

दारावरची घंटा वाजली तेव्हा कोरा विनगेट बटाटे सोलत होती. दार उघडायच्या आधी तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा बोटभर सरकवला आणि खाली बघितलं. ग्लेंडेलसारख्या शहरात, जिथे शेजारच्या घरात कोण आलं नि कोण गेलं याचा कुणाला पत्ता नसतो, तिथे असं चोरून डोकावण्यात काय अर्थ होता? पण हात आपला जायचाच. लायल त्यावरून तिची थट्टा करायचा. ‘हेरखात्यात तुला सहज घेतील,’ म्हणायचा. खाली फुटपाथला लागून एक गडद निळी सरकारी गाडी उभी होती. कोराच्या काळजात धस्स झालं. लायल कुठाय? न्हाव्याकडे. न्हाव्याकडे कुणी मरत नाही. आणि त्यानं विमानाला हात लावून आता वीस वर्षं होत आली; हल्ली तो उंच इमारतींच्या लिफ्ट तपासायची नोकरी करतो, सबंध दिवस वर जातो नि खाली येतो, आणि संध्याकाळी घरी येऊन टीव्हीसमोर पाय पसरून बसतो. हे सगळं तिला ठाऊक होतं. तरी तिच्या मनात आलं, आली ती गाडी. अखेर आली. घंटा पुन्हा वाजली. ओले हात तसेच ॲप्रनला पुसत ती दाराशी गेली.

दारात एक कोवळा लेफ्टनंट उभा होता. टोपी काखेत, चेहऱ्यावर सरकारी हसू. “मिसेस विनगेट ना? घाबरू नका मॅडम, काही वाईट बातमी नाहीये. गाडी बघून जुन्या लोकांचे चेहरे उतरतात, मला सांगितलंय वरच्यांनी.” कोरा बाजूला झाली. तो आत आला, सोफ्याच्या कडेवर बसला, आणि पाठ केलेलं बोलायला लागला. हॅसलरच्या हवाई तळावर नवी वसाहत झाली होती, नवे रस्ते झाले होते. आणि विमानांच्या चाचण्या घेताना ज्यांनी प्राण दिले त्यांची नावं त्या रस्त्यांना द्यायची, ही तिथली जुनी रीत. “जुन्या कचेरीला मागे आग लागली, त्यात सगळे कागद गेले. त्या काळचं सांगणारं आता तिथे एकच माणूस उरलंय, आमच्या वाचनालयातल्या प्रुइटबाई. त्यांनीच आठवणीनं तुमच्या यजमानांचं नाव सुचवलं. दिवंगत मेजर लायल विनगेट.” तो थोडा थांबला, आदरानं. “पुढच्या महिन्यात समारंभ आहे. पाटीवरचा पडदा तुमच्या हातून उघडावा, अशी सगळ्यांची इच्छा आहे.”

‘अहो, ते न्हाव्याकडे गेलेत.’ एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पोरगा ओशाळला असता, दोघं हसली असती, विषय मिटला असता. कोरानं तोंड उघडलं आणि म्हणाली, “अस्सं.” मग म्हणाली, “कॉफी घेणार?” लेफ्टनंटची नजर तेवढ्यात दाराशी पडलेल्या भल्या मोठ्या सपातांवर गेली, खुंटीवरच्या पुरुषी कोटावर गेली, आणि चटकन तिथून निघाली. बाईनं दुसरं लग्न केलेलं दिसतं, हे त्याच्या कपाळावर वाचता येत होतं. जाताना तो जिन्याशी घुटमळला आणि लाजत म्हणाला, “मॅडम, आपले... म्हणजे आत्ताचे जे यजमान आहेत, त्यांनाही अवश्य घेऊन या. काहीच हरकत नाही.” कोरा म्हणाली, “विचारते त्यांना.” दार लावून ती पाठ टेकून उभी राहिली. आपण हे काय केलं? स्वतःची लाज वाटायला हवी होती. तशी ती वाटतही होती. पण त्या लाजेखाली दुसरंच काहीतरी होतं, थंड आणि ओळखीचं. कुणीतरी पहिल्यांदाच खरं बोलल्यासारखं तिला वाटलं होतं.

हॅसलर तलाव! तलाव आपलं म्हणायचं. वर्षातले अकरा महिने त्यात पाण्याचा टिपूस नसायचा. नजर पोचेल तिथवर पांढरट, टणक माती, पोळपाटासारखी सपाट. तिच्यावर डांबरानं ओढलेल्या काळ्या रेघा, हाच विमानांचा रस्ता. तळाच्या आधी तिथे गाव होतं म्हणे. टर्की पाळणारी, बदामाची झाडं लावून पाण्यासाठी आभाळाकडे बघणारी माणसं. महायुद्धाच्या आदल्या वर्षी सैन्य आलं, त्यांना चार दिवसांत उठवलं, आणि त्यांच्याच रिकाम्या घरांवर बॉम्ब टाकायची तालीम केली. कोराच्या दाराशी वाळू उकरली की कधी पाटीवरची पेन्सिल निघायची, कधी बाहुलीचा हात. नव्यानं आलेल्या बायका ते खिडकीत हौसेनं मांडून ठेवायच्या. जुन्या झाल्या की मुकाट्यानं पुन्हा पुरून टाकायच्या. युद्धानंतर जेट विमानं आली, आणि दिवसातून केव्हाही आभाळ फुटल्यासारखा आवाज व्हायचा. कपाटातल्या बशा किणकिणायच्या, तान्ही मुलं दचकून रडायची, आणि थोड्या दिवसांनी रडायचीही थांबायची. हिवाळ्यात मात्र पाऊस पडे. मग तलावात वीतभर पाणी साचे, आणि वारा ते पाणी या टोकाकडून त्या टोकाला ढकलत राही. त्या पाण्यात, वर्षभर मढ्यासारख्या पडलेल्या मातीतून, एका रात्रीत बारीक कोळंबी जिवंत होऊन वळवळायला लागे, आणि ती खायला लांबून, समुद्राकडून, पांढरे पक्षी येत. त्यांना कोण सांगत होतं कुणास ठाऊक! पाणी आटलं की सगळ्या भेगा बुजलेल्या, चाकांचे ओरखडे गेलेले, विमानं पडून जळलेले काळे डागसुद्धा गेलेले. पुरुष खूष व्हायचे. फुकटात नवा रस्ता! कोराला तो गुळगुळीतपणा बघवत नसे. डेल प्रुइट एकदा तिला म्हणाला होता, “कोरा, हा तलाव भलता सभ्य आहे बघ. पोटात काय घातलं ते कुणाला सांगत नाही.” आणि स्वतःच मोठ्यानं हसला होता. डेलला हसायला कारण लागत नसे.

डेल आणि त्याची बायको मेव्हिस शेजारच्या घरातले. दोन्ही घरांची स्वयंपाकघरं समोरासमोर, मधे वाळूची पट्टी. साखर संपली की हाक, मीठ संपलं की हाक. आणि लांब तलावावर धुराचा खांब उभा राहिला की मात्र चिडीचूप. बायकांचा नियमच होता तो, कुणी घालून दिलेला नव्हता पण मोडायची कुणाची छाती नव्हती. धूर दिसला की फोन उचलायचा नाही. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. पोरांना आत घ्यायचं आणि पडद्याआड उभं राहायचं. मग निळी गाडी यायची, कर्नल आणि पाद्री बसलेली, रस्त्यावरून इतकी सावकाश चालायची की एकेका घरासमोरून ती जाताना त्या घरातल्या बाईचा श्वास अडकायचा आणि सुटायचा. ती कुठल्यातरी एका दारात थांबायची. त्या दारात थांबली की बाकी सगळ्या सुटल्या. मग सगळ्यांनी ओव्हन पेटवायचा, जे घरात असेल ते भांड्यात घालून भाजायचं, आणि घेऊन तिच्याकडे जायचं, तिला धरून बसायचं. कोरानं असं तिघीचौघींना धरलं होतं. धरताना आपल्या अंगात काय चाललंय हे तिला ठाऊक असायचं. ते त्या बाईलाही समजत असणार, असं तेव्हा तिच्या मनात आलं नव्हतं.

पुरुषांचेही नियम होते, त्यांहून खुळचट. सकाळी फळ्यावर खडूनं नावं लिहायची, कोण कुठलं विमान नेणार. एकदा नाव लिहिलं की विमान परत खाली उतरेपर्यंत खडूला हात लावायचा नाही. पुसलेलं नाव परत येत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. जग हलवणारी यंत्रं चालवायचे, आणि खडूला घाबरायचे! तर त्या दिवशी लायलला सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, डोळे लाल, बोलणं नाकातून. तशा नाकानं उंच गेलं की कानाचे पडदे फाटतात. तरी तो गेला. फळ्यावर त्याचं नाव लिहून झालं, आणि मग डेल म्हणाला, “शेंबड्या, तू खाली बस. मी जाऊन येतो.” नाव बदलायचा प्रश्नच नव्हता. डेल लायलच्या नावावर उडाला. आणि दुपारच्या सुमाराला तलावावर धूर उभा राहिला. ओळख पटावी असं काही हाती लागलं नाही. कर्नलनं फळा बघितला, आणि निळी गाडी कोराच्या दारात थांबली.

पाद्री बोलत होता तेव्हा कोरा त्याच्या कॉलरवरचा धाग्याचा तुकडा बघत होती. ती दोघं गेली. आणि थोड्या वेळानं वाळूची पट्टी ओलांडून मेव्हिस आली, हातात नूडल्स नि मासे घालून भाजलेलं गरम भांडं, डोळ्यांत पाणी. भांडं तिनं ओट्यावर ठेवलं आणि कोराला मिठीत घेतलं. “रड गं, राणी. रड, मी आहे ना.” कोराला रडू येत नव्हतं. तिचा कान मेव्हिसच्या छातीला टेकला होता, आणि आत धडधड चालली होती, दुःखाची नव्हे. मेव्हिसचा जीव भांड्यात पडला होता. तिचे हात सुटकेनं थरथरत होते. कोराला राग आला नाही. असंच असायचं. उलट ती शांत झाली, आतून वाळून गेली, आणि मेव्हिसच्या खांद्यावर डोकं ठेवून पुढचं सगळं ठरवायला लागली. नेब्रास्काला आईकडे जायचं. लायलचे शर्ट भावाला होतील. बूट होणार नाहीत. शाळेत नोकरी धरायची. बाई एका तासात पुरती विधवा होऊ शकते, हे कुणी सांगून तिला पटलं नसतं. पण झाली. एकेक दार लावत ती त्या घराच्या टोकापर्यंत गेली आणि शेवटच्या दाराला कडी घातली. आणि मग मागच्या दारानं लायल आत आला.

डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या मातीनं माखलेला. तो तलावावर गेला होता, सगळ्यांबरोबर, शोधायला. कोराकडे गाडी गेली होती हे त्याच्या गावीही नव्हतं. दारात उभा राहून तो मिठीतल्या दोघींकडे बघत राहिला, आणि मग फक्त मेव्हिसकडे. मेव्हिसनं त्याच्याकडे बघितलं, आणि कोराच्या पाठीवरचे तिचे हात थंड पडत गेले. हा इथे जिवंत उभा आहे तर तिकडे कोण, हे गणित तिला एकटीलाच, उभ्या उभ्या, सोडवावं लागलं. “तू कसा काय?” एवढंच ती म्हणाली. तक्रार केल्यासारखं. आणि ओट्यावरचं आपलं भांडं उचलून, वाळूची पट्टी ओलांडून, ती आपल्या घरात गेली. लायल कोराकडे आला. तिनं आनंदानं किंकाळी फोडायला हवी होती, त्याच्या गळ्यात पडायला हवं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या मनात आलं, हा कोण? मग तो बोलला. “कोरा, डेल गेला.” आवाज स्वच्छ होता. नाक मोकळं. सकाळची सर्दी गेलेली होती.

त्यावर डॉक्टर काहीही सांगतील. धक्क्यानं सर्दी पळते म्हणतील. कोरानं कुणाला विचारलंच नाही. ती मूग गिळून बसली आणि बघत राहिली. त्यांनी महिन्याभरात तळ सोडला, लायलनं विमानं सोडली, दोघं शहरात आली, आणि ती बघत राहिली. हा बुटाची नाडी आधी उजवी बांधायचा, बांधतो. बाहेरच्या कडेला झोपायचा, झोपतो. अंड्यावर जास्त मीठ, घेतो. लग्नाच्या आदल्या दिवशी पावसात छत्री कुणी हरवली हे तिनं सहज म्हणून विचारलं, आणि त्यानं हसून बरोबर सांगितलं. सगळं बरोबर होतं. जरा जास्तच बरोबर होतं, आणि तेच तिला छळायचं. कधी तो खिडकीशी पाठमोरा उभा असला की तिला वाटे, वळला तर चेहरा मातीचा निघेल. वीस वर्षं तिनं त्याचं सगळं नीट केलं, आजारपणं काढली, त्याच्या विनोदांना हसली. माणूस चांगला होता. खोट काढायला जागा नव्हती. पण आपण एका भल्या परक्या माणसाबरोबर राहतोय आणि आपल्या नवऱ्यासाठी अजून रडलोसुद्धा नाही, हे शल्य कधी गेलं नाही. तिच्या वागण्यातून त्याला ते समजलं असेल का? त्याची भीती वाटायची तिला. या माणसाला दुखवायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं सांगितलं. लपवण्यासारखं नव्हतंच. नुकतेच कापलेले केस मानेवर चिकटलेले, लायल बटाटे चिवडत ऐकत होता. दुसरा माणूस खवळला असता, हसत सुटला असता. तो म्हणाला, “कुठला रस्ता?”

“म्हणजे?”

“तलावाकडे जाणारा का शाळेकडे जाणारा?”

“मी नाही विचारलं.” कोरा जेवायची थांबली. “लायल, तू मेलास म्हणतायत ते.”

“ऐकलं मी.” तो चावत राहिला. “चांगलं आहे की. जिवंत माणसाला पार्किंगला जागा मिळत नाही, मेल्यावर सबंध रस्ता.” मग त्यानं काटा खाली ठेवला. “मेव्हिस विसरायला लागली असेल. वय झालं. पण तो रस्ता डेलचा आहे, कोरा. डेलला एवढं तरी मिळायला हवं. फोन करून सांग त्यांना.”

“तूच कर ना.”

“मी? दिवंगत माणसानं फोन करायचा?” तो हसला, पण डोळे ताटातच होते. “नको. रविवारी जाऊ आपण, मेव्हिसलाच भेटू. तू सांग तिला. फार बोलायचं नाहीये. लायल जिवंत आहे, एवढंच म्हणायचंय.” थोड्या वेळानं, अगदी हलक्या आवाजात, तो म्हणाला, “तुला म्हणता येईल ना?”

त्याला माहीत होतं! कधीपासून माहीत होतं? पहिल्या दिवसापासून, त्या दारात उभा होता तेव्हापासून? आणि तरी हा माणूस रोज संध्याकाळी घरी येत राहिला, त्याच खुर्चीत बसत राहिला, तपासणाऱ्या नजरेसमोर नाडी बांधत राहिला. आठवडाभर ती ते वाक्य मनात घोळवत होती. लायल जिवंत आहे. भांडी घासताना, जिना उतरताना. लायल जिवंत आहे. एकदा स्नानघराच्या आरशासमोर मोठ्यानं म्हणायला गेली, तर ‘लायल’ म्हणून झालं आणि पुढचं घशात अडकलं. रविवारी ते जमलं नाही तर डेलचा रस्ता गेला. आणि डेलच्या रस्त्याबरोबर टेबलापलीकडचा हा माणूसही गेला, कायमचा, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

रविवारी डोंगर ओलांडून ती दोघं खाली उतरली आणि वाळवंट सुरू झालं. लायल नेहमीसारखा एका हातानं गाडी चालवत होता. कोरडी झुडपं, हात वर करून उभी राहिलेली काटेरी झाडं, आणि लांबवर तलावाची पांढरी रेघ. काहीच बदललं नव्हतं. त्या पांढऱ्यावर साधा डागसुद्धा नव्हता. तळाच्या फाटकाबाहेरच्या वस्तीत मेव्हिसचं छोटं घर होतं. बाकीच्या विधवा केव्हाच आपापल्या माहेरी गेल्या. ही एकटी चिकटून राहिली. लायलनं गाडी समोरच्या बाजूला, उन्हातच लावली. “तू आधी जा,” तो म्हणाला. “मला एकदम दारात बघून ती... मागच्या वेळेला...” त्यानं वाक्य सोडून दिलं. “तू सांगितलंस की मी येतो.”

“अगंबाई, कोरा!” मेव्हिसनं दारातच तिला कवटाळलं. अंगानं भरली होती, केस रंगवलेले, ओठांना लाली. वेडी? छे. कॉफी ओतताना तिनं महागाईची तक्रार केली, नव्या कर्नलच्या बायकोचे उद्योग सांगितले, वाचनालयातून पुस्तकं पळवणाऱ्या पोरांना शिव्या घातल्या. कोरा सैलावली. मग मेव्हिसनं तिचा हात हातात घेतला. “बरं झालं आलीस. लायलचं नाव मी मुद्दाम पुढे केलं बरं का. नाहीतर कोण आठवण ठेवतंय गं? एवढा देखणा माणूस.”

“मेव्हिस,” कोरा म्हणाली. “त्या दिवशी डेल—”

“डेलनंच सुचवलं! म्हणाला, लायलला रस्ता द्यायला हवा.” मेव्हिस घड्याळाकडे बघून उठली आणि टेबलावर ताटं मांडायला लागली. एक, आणि समोर दुसरं. दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर चामड्याचं जुनं जाकीट होतं, तेल लावून मऊ राखलेलं. “तलावावर गेलाय. येईल इतक्यात. तुला बघून खूष होईल.” मेव्हिस पुन्हा येऊन शेजारी बसली, अगदी खेटून. तिचा आवाज उतरला. “तुला एक सांगू? कधी बोलले नाही तुला. त्या दिवशी गाडी तुझ्या दारात थांबली ना, मी पडद्यामागे होते. आनंद झाला गं मला. देवाशपथ. तुझ्या दारात थांबली म्हणून आनंद झाला. मग तुझ्याकडे आले, तुला धरून बसले, आणि सगळा वेळ आतून नाचत होते. एवढं पाप! म्हणून म्हटलं, निदान रस्ता तरी देऊ लायलला.”

“आणि नंतर?” कोरानं हळूच विचारलं. “नंतर गाडी परत आली ना, मेव्हिस?”

“परत कशी येईल?” मेव्हिसनं तिच्याकडे अजाण पोरीकडे बघावं तसं बघितलं. “एका धुराला एकच दार. तुला माहितेय की.”

तर ही त्या तासातून बाहेर आलीच नव्हती. एक तास दोघींनी मिळून काढला होता, एक विधवा नि एक सुवासिनी. आणि मागच्या दारानं तो माणूस येऊन त्यानं सगळं उलटंपालटं केलं, ते मेव्हिसनं मोजलंच नव्हतं. आणि आपण? आपण तरी कुठे मोजलं? वीस वर्षं आपणही त्याच तासात बसलोय, फक्त आपल्या ताटासमोर माणूस जेवतोय एवढाच फरक. कोराला हसू आलं आणि रडूही आलं. वाक्य जिभेवर होतं. लायल जिवंत आहे. समोरच्या बाजूला गाडीत घामानं भिजतोय. आता ते अडत नव्हतं, कधी नव्हे ते सहज येत होतं. आणि उच्चारलं की या टेबलावरचं दुसरं ताट उचलावं लागणार होतं. ती मेव्हिसच्या लाली लावलेल्या तोंडाकडे बघत राहिली. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

मेव्हिसचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणात म्हातारी झाली ती. “उघडू नकोस,” ती पुटपुटली. कोराच्या मनगटात तिची बोटं रुतली होती. “डेल घंटा वाजवत नाही. कोरा, उघडू नकोस गं.” तिला ठाऊक होतं. आत कुठेतरी, त्या सगळ्या बडबडीच्या तळाशी, तिला पुरतं ठाऊक होतं. कोरानं ती बोटं हळूच सोडवली. दाराशी गेली आणि ते अर्धवट उघडलं.

लायल होता. वाट बघून कंटाळलेला, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, टोपी हातात. कोरानं सांगितलं असेल अशा समजुतीनं त्यानं बोलायला तोंड उघडलं. “मेव्ह—”

“घर चुकलं तुमचं, साहेब,” कोरा मोठ्यानं म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग तिच्या खांद्यावरून आत, भिंतीशी पाठ लावून उभ्या राहिलेल्या मेव्हिसकडे; टेबलाकडे; दोन ताटांकडे; खुर्चीवरच्या जाकिटाकडे. ‘काय बोलतेस तू?’ एवढं त्यानं म्हटलं की संपलं. त्याचा तो हक्क होता. आठवडाभर नव्हे, वीस वर्षं तो एका वाक्याची वाट बघत होता, आणि त्याऐवजी हे ऐकत होता. लायल एक पाऊल मागे सरला.

“माफ करा, बाई,” तो म्हणाला. आवाज परक्या माणसाचा, अदबीचा. “या बाजूची सगळी घरं सारखीच दिसतात. उगाच त्रास दिला.” आणि मग, आत ऐकू जाईल इतपत मोठ्यानं, “घरधनी घरात नाहीत का?”

“येतील इतक्यात,” कोरा म्हणाली.

“मग बरं आहे.” त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि पायऱ्या उतरला.

हा लायल होता! कोरानं दाराची चौकट घट्ट धरली. दुसरं कुणी असूच शकत नव्हतं. एका नजरेत सगळं समजून घेऊन, काही न विचारता, मित्राच्या बायकोसाठी उभ्या उभ्या मेलेला माणूस व्हायला तयार होणारा हा एकच माणूस तिला ठाऊक होता, आणि त्याच्याशीच तिनं लग्न केलं होतं. कुठली नाडी आणि कुठलं मीठ! काय तपासत होतो आपण इतकी वर्षं? तिला धावत जावंसं वाटलं, भर रस्त्यात त्याला नावानं हाक मारावीशी वाटली. पण मेव्हिस मागे येऊन उभी राहिली होती आणि तिच्या दंडाला धरून होती.

“कोण होतं गं?”

“कुणी नाही. पत्ता चुकलेला कुणीतरी.”

“गाडी? गाडी कुठली होती? निळी?”

“नाही. साधीच आहे. हिरवी.”

मेव्हिसनं श्वास सोडला. तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला, हात थरथरायला लागले. तिनं दार लावलं, कोराला सोफ्यावर नेऊन बसवलं, आणि तिचं डोकं आपल्या छातीशी ओढून घेतलं. “किती दचकलीस! अजून आठवण येते ना त्याची? त्या दिवशी तू रडलीच नाहीस. मला तेव्हाच भीती वाटली होती, म्हटलं ही आतल्या आत कुढणार. रड आता. नवऱ्यासाठी एकदा तरी रडावं गं बाईनं. मी आहे.”

आणि कोरा रडली. मेव्हिसचा झगा भिजेपर्यंत, हुंदके देत, लहान पोरीसारखी रडली. समोरच्या बाजूला, भर उन्हात, गाडीच्या काचा खाली करून लायल तिची वाट बघत बसला होता.